नंबर दिल्याशिवाय बिल नाही?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लक्ष्मी रोडला खरेदीला गेलं की काउंटरवरचा मुलगा मान वर न करताच म्हणतो, 'नंबर सांगा'. नको म्हटलं तर 'काका, सिस्टीम पुढे जात नाही' हे ठरलेलं उत्तर, मागे लाइनमधली मंडळी चुळबुळ करायला लागतात आणि मग आपण देऊन टाकतो. खरं तर केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्येच दुकानदारांना बजावलंय की नंबरसाठी अडून बसायचं नाही, ती अनुचित व्यापार प्रथा आहे. पण हे त्या मुलापर्यंत पोचलंय कुठे!

बरं, दुकान तरी बदलता येतं. व्हॉट्सअ‍ॅपचं काय करायचं? जानेवारी २०२१ मध्ये त्यांनी आपली माहिती फेसबुकला देण्याची नवी पॉलिसी आणली, मान्य करा नाहीतर अकाउंट सोडा, तेव्हा आमच्या ग्रुपवरचे निम्मे लोक 'मी आता सिग्नल अ‍ॅपवर' असं (व्हॉट्सअ‍ॅपवरच) जाहीर करून गेले आणि गुपचूप परतले. परतणारच, कारण दूधवाला तिथे, नातवाच्या शाळेच्या सूचना तिथे, पाण्याचा टँकर कधी येणार तेही तिथेच. ग्राहकाला दुसरा पर्यायच ठेवला नाही म्हणून स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपच्या मालक कंपनीला, मेटाला, २१३ कोटींचा दंड ठोठावला, पण एवढ्याने त्या कंपनीला काय फरक पडतो?

तरी माझा राग कंपन्यांपेक्षा आपल्यावरच जास्त आहे, कारण त्यांच्या दावणीला आपल्याला बांधतात ते आपलेच सेक्रेटरी आणि मुख्याध्यापक. आमच्या सोसायटीत गेटसाठी अ‍ॅप आलं. सिक्युरिटीवाला येणाऱ्याचा फोटो काढतो, नंबर घेतो. पोळ्या करायला येणाऱ्या मावशी किती वाजता आत आल्या, किती वाजता बाहेर पडल्या, आज कुठल्या कुठल्या फ्लॅटमध्ये होत्या, सगळं बिल्डिंगला दिसतं, वर त्यांना स्टार द्यायची सोय! मावशींना विचारलं का कुणी? त्या नाही म्हणाल्या तर गेटच उघडणार नाही, मग ही कसली संमती? २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात तर स्पष्ट लिहिलंय की संमती मुक्तपणे आणि विनाअट दिलेली हवी, आणि कामापुरतीच माहिती घ्यायची.

४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक, इन्स्टाग्राम सगळं एकदम सहा तास बंद पडलं होतं. रात्र होती म्हणून निभावलं, दिवसा असतं तर शाळेची बस लवकर सुटणार हे पालकांना कळवायचं कसं, फोन करून सांगायची सवयच गेलीय सगळ्यांची.

अ‍ॅप बंद करा असं माझं म्हणणं नाही, वापरणाऱ्यांनी खुशाल वापरावं. पण सूचना फलकावरही लागली पाहिजे, गेटवर वही पाहिजे आणि बिल नंबराशिवाय मिळालं पाहिजे. सर्वसाधारण सभेत हा विषय घ्यावा म्हणून मी सेक्रेटरींकडे लेखी अर्ज दिला, तर म्हणाले, 'ग्रुपवर टाका ना.'

– एक वाचक, कोथरूड, पुणे