दोन वाजून दहा मिनिटांचा निरोप

चि. मनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू घाईत होतास, त्यामुळे बोलणं अर्धंच राहिलं. गुप्तवार्ता, सुरक्षा आणि आपत्ती व्यवस्थापन या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, हे एका दमात सांगितलंस आणि पुढच्याच दमात विचारलंस, ‘पण आई, तीन भलतेच विषय एका दावणीला बांधल्यासारखे वाटतात. प्रबंध कशावर करू?’ मी ‘बघू’ म्हणाले. तू पाठवलेला विषयांचा तक्ता दोनदा वाचला, माळ्यावरची जुनी नोंदवही काढली आणि आता लिहायला बसलेय.

तुझ्या मावशीची समजूत आहे की तू हेर होणार. मी ती दूर केलेली नाही. तेवढाच तुझा भाव वाढतोय.

पूर नियंत्रण कक्षात मी एकोणीस वर्षं काढली, त्यांतली बरीचशी रात्रपाळीत. काम काय, तर नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या मोजपट्ट्यांचे आकडे दर तासाला बिनतारीवर यायचे. ते वहीत उतरवायचे आणि खालच्या अंगाच्या कचेऱ्यांना कळवायचे. बाहेरून पाहणाऱ्याला टपालखातंच वाटावं. त्यातली एक रात्र मी तुला कधी सांगितली नव्हती.

आठवडाभर पाऊस उसंत देत नव्हता. रात्री २ वाजून १० मिनिटांनी मी खाली निरोप दिला, ‘पाणी वाढण्याची शक्यता आहे, सतर्क राहावे.’ पलीकडचा ‘बरं’ म्हणाला. त्या आठवड्यातला तो सहावा निरोप, आणि सहाही वेळा शब्द तेच. त्याने सहावा कागद आधीच्या पाचांवर ठेवून वर पेपरवेट ठेवलं. चार वाजता नदीकाठच्या वस्तीत पाणी शिरलं. माणसं छपरांवर चढली म्हणून वाचली, दावणीची जनावरं मात्र गेली. पुढे चौकशी झाली. निरोप दिला होता का? दिला होता, वहीत वेळ होती, खाली माझी सही होती. मी सुटले. पलीकडचाही सुटला, कारण ‘सतर्क राहावे’ यात त्याने उठून नेमकं काय करायचं ते कुठे होतं? दोघंही कागदोपत्री बिनचूक, आणि गोठे रिकामे.

मला अजून सलतं ते असं, की वरच्या पट्टीवर पाणी तासाला दीड फूट चढत होतं आणि तो आकडा माझ्या डोळ्यांसमोर होता. निरोपात मात्र नुसती ‘शक्यता’ उतरली.

या शब्दाने माझ्याहून कितीतरी शहाण्या माणसांना फसवलंय. १९५१ साली अमेरिकी गुप्तवार्ता विश्लेषकांनी अंदाज लिहिला, की त्या वर्षी युगोस्लाव्हियावर हल्ला होण्याची ‘गंभीर शक्यता’ आहे. त्या गटातल्या शर्मन केंटला एका अधिकाऱ्याने सहज विचारलं, गंभीर म्हणजे किती? केंट म्हणाला, माझ्या मते ६५ विरुद्ध ३५, हल्ला होईल या बाजूने. विचारणारा चपापला. त्याने त्याच्या कितीतरी खालचा अर्थ घेतला होता. मग केंटने आपल्याच सहकाऱ्यांना एकेक करून विचारलं. कुणाच्या मनात ८० विरुद्ध २० होतं, तर कुणाच्या मनात २० विरुद्ध ८०. आणि या सगळ्यांनी त्याच एका वाक्याला एकमताने मान डोलावली होती! पुढे १९६४ मध्ये त्याने अशा शब्दांना टक्के बांधून द्यावेत असा लेख लिहिला. आज अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये विश्लेषकांसाठी असे तक्ते वापरात आहेत. हे मला निवृत्त झाल्यावर वाचायला मिळालं. पहिल्या वर्षी मिळायला हवं होतं.

तर तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. हे तीन विषय वेगळे नाहीत. तिन्हींची गाठ एकाच जागी आहे, इशाऱ्यापाशी. कुणाला तरी काहीतरी आधी कळतं, ते दुसऱ्याला सांगावं लागतं आणि त्या दुसऱ्याने हातातलं काम टाकून उठावं लागतं. घोटाळा बहुतेक वेळा कळण्यात नसतो, पुढच्या दोन पायऱ्यांवर असतो.

अमेरिकेच्या पर्ल हार्बर या नाविक तळावरचा जपानी हल्लाच बघ. ७ डिसेंबर १९४१ ला सकाळी सातच्या सुमारास तो तळ असलेल्या ओआहू बेटाच्या उत्तर टोकावर दोन साधे सैनिक रडारपाशी होते. त्यांची वेळ संपली होती, तरी सरावासाठी यंत्र चालू ठेवलं होतं. सुमारे १३० मैलांवर विमानांचा मोठा थवा दिसला. त्यांनी फोन केला. फोन घेणारा लेफ्टनंट त्या कामाला नवखा. त्याच सकाळी आपलीच बॉम्बफेकी विमानं यायची होती, त्यामुळे त्याला वाटलं तीच असतील, आणि काळजी करू नका म्हणून त्याने फोन ठेवला. आठ वाजायच्या आत बॉम्ब पडायला लागले. इकडे वॉशिंग्टनहून सेनापतींनी सावधगिरीचा निरोप धाडला होता. लष्कराचं बिनतारी दळणवळण त्या वेळी लागेना, म्हणून तो खासगी तार कंपनीतून गेला. ‘तातडीचा’ असा शिक्का नव्हता. मोटारसायकलवरच्या तारवाल्या पोराने तो लष्कराच्या मुख्यालयात पोचवला, तेव्हा हल्ला होऊन काही तास उलटले होते. तो तारवाला माझ्या डोक्यातून जात नाही. रस्त्याने धूर दिसतोय आणि पिशवीत त्याच धुराचा इशारा.

आता या अभ्यासक्रमातली खरी मेख सांगते. तक्त्यात ती कुठे लिहिलेली नाही. गुप्तवार्तेच्या माणसाला शिकवतात, ज्याला गरज आहे त्यालाच सांग. आपत्तीवाल्याला शिकवतात, दिसेल त्याला ओरडून सांग. या दोन सवयी एकाच माणसात नांदवायच्या म्हणजे एका हाताने दार लावायचं आणि दुसऱ्याने तेच उघडायचं. दोन्हीकडे चुकलं की काय होतं याचे पुरावे आहेत. ११ सप्टेंबर २००१ च्या अमेरिकेतल्या विमान अपहरणकर्त्यांपैकी दोघांची नावं सीआयए या तिथल्या गुप्तचर संस्थेकडे २००० सालीच आली होती. देशांतर्गत तपास करणाऱ्या एफबीआयने त्यांचा शोध सुरू केला तो २००१ च्या ऑगस्टअखेर. दार बंद राहिलं त्याची ही गोष्ट.

उलट बाजूला इटलीतलं लाक्विला. २००९ मध्ये तिथे महिनोन्‌महिने बारीक हादरे बसत होते. ३१ मार्चला तज्ज्ञांची बैठक झाली. त्याच सुमारास एका अधिकाऱ्याने कॅमेऱ्यासमोर सांगितलं, की हादऱ्यांमधून ऊर्जा बाहेर पडतेय, म्हणजे हे चांगलंच आहे. धक्का बसला की रात्र बाहेर काढायची, ही कित्येक घरांतली जुनी रीत होती. दिलासा मिळाल्यावर काही जण घरातच झोपले. ६ एप्रिलच्या पहाटे साडेतीनच्या सुमारास भूकंप झाला आणि ३०९ माणसं गेली. २०१२ मध्ये त्या अधिकाऱ्यासह सात जणांना सदोष मनुष्यवधाची शिक्षा झाली, २०१४ मध्ये अपिलात सहा शास्त्रज्ञ निर्दोष सुटले. जगभर ओरड झाली की भूकंपाचं भाकीत केलं नाही म्हणून शास्त्रज्ञांना शिक्षा! मला ते पटत नाही. खटल्याचा रोख भाकितावर नव्हता, त्या दिलाशावर होता. हा खटला नीट वाच आणि वर्गात यावर भांडण काढ.

खोट्या इशाऱ्याची भीती तुला प्रत्येक जण घालेल. लांडगा आला रे आला, दुसरं काय. ती भीती खरी आहे, पण त्यावर उपाय गप्प बसणं हा नाही. त्या रात्रीनंतर मी दोन गोष्टी बदलल्या. पहिली, निरोपाची भाषा: ‘पाणी तासाला दीड फूट चढतंय. पहाटे पाचच्या आत नदीकाठची घरं रिकामी करा. काय केलंत ते अर्ध्या तासात उलट कळवा.’ उलट कळवलं नाही तर मी पुन्हा फोन करायची, तिसऱ्यांदा करायची, आणि माझं नाव ‘कटकटी बाई’ पडलं होतं हे मला ठाऊक होतं. दुसरी, पाणी आलंच नाही तर सकाळी पाळी संपायच्या आधी मीच फोन करून सांगायची, की वरचा पाऊस अमुक वाजता थांबला म्हणून तुम्ही वाचलात. इशारा चुकला तर का चुकला हे कळलेला माणूस पुढच्या वेळी रागवत नाही, निदान कमी रागवतो.

बांगलादेशात हेच काम मोठ्या प्रमाणावर झालं. १९७० च्या चक्रीवादळात तिथे किमान तीन लाख माणसं गेली. त्यानंतर निवारे बांधले आणि किनाऱ्यावर स्वयंसेवकांची फळी उभी केली, हातात कर्णे आणि झेंडे. आज ते सुमारे ७६ हजार आहेत आणि त्यांत निम्म्या बायका. हे आपोआप झालेलं नाही. परका पुरुष दारात येऊन ‘चला’ म्हणाला, तर घरातली बाई निघत नव्हती. २००७ च्या सिद्र वादळात साडेतीन हजारांच्या आसपास मृत्यू झाले, २०२० च्या अम्फानमध्ये तिथला आकडा शंभराच्याही पुष्कळ खाली होता. उपग्रह सुधारले हे खरंच. पण उपग्रह दार वाजवत नाही.

आणि सिमेउलुए. हे इंडोनेशियातलं बेट २६ डिसेंबर २००४ च्या सुमात्रा भूकंपाच्या केंद्राच्या अगदी जवळ. लाट पोचायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. कुठल्याही कक्षातून निरोप निघाला असता तरी वेळेत पोचला नसता. हिंदी महासागराच्या काठावर दोन लाखांहून जास्त माणसं त्या दिवशी गेली. या बेटावर मात्र सुमारे ७८ हजारांपैकी सात. १९०७ मध्ये तिथे अशीच लाट आली होती. तेव्हापासून आज्या नातवंडांना ‘स्मोंग’ची, म्हणजे त्सुनामीच्या लाटेची, गोष्ट सांगत आल्या, अंगाईतूनसुद्धा: जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे सरला की काही उचलायला थांबू नका, डोंगर गाठा. सत्त्याण्णव वर्षं तो निरोप माणसांच्या तोंडी टिकला. माझी वही पाच वर्षांनी रद्दीत जायची असा नियम होता.

आता प्रबंध. गुप्त कागद तुला कुणी दाखवणार नाही, आणि कुणी दाखवू लागलं तर दोन पावलं मागे सर. उघड्यावर जे आहे तेच एका जन्मात वाचून होणार नाही. चौकशी आयोगांचे अहवाल काढ. ११ सप्टेंबरवरचा अमेरिकेचा २००४ चा आहे, फुकुशिमाच्या अणुदुर्घटनेवरचा जपानी संसदेच्या आयोगाचा २०१२ चा आहे. त्यात तर ती दुर्घटना मानवनिर्मित होती असं स्पष्ट म्हटलंय. आधी निष्कर्ष वाचू नकोस. मिनिटामिनिटाचा घटनाक्रम असतो, तो पुढ्यात घे आणि दोन नोंदींमधलं अंतर जिथे विनाकारण लांबलंय तिथे बोट ठेव. तिथे कुणीतरी निरोप हातात घेऊन बसलेलं असतं. ते कोण होतं, त्याने काय वाचलं आणि तो का उठला नाही, यावर तुझा प्रबंध कर. मीसुद्धा त्याच जागी बसले होते, म्हणून सांगते: त्याला मूर्ख ठरवायची घाई करू नकोस.

वाचलेल्या माणसांच्या मुलाखती घेणार असशील, तर नीतिसमितीची परवानगी ही कटकट समजू नकोस. तुझ्यासाठी तो एक उतारा असेल, त्यांच्यासाठी ती रात्र पुन्हा असेल. आणि ऐकून आल्यावर एकटा खोलीत बसू नकोस, मला फोन कर. कितीही वाजले असले तरी. मला रात्री जागायची सवय आहे.

नोकरीचं बाबा विचारत होते. सरकारी खात्यांखेरीज बँका, विमा कंपन्या, रुग्णालयं, बंदरं यांनाही अशी माणसं लागतात, एवढं मी त्यांना सांगितलंय. बाकी तू सांग.

नोंदवही कुरियरने पाठवत नाही, पानं सुटी झालीत. सुट्टीत आलास की बघ. ज्यांनी रद्दीत घालायची, त्यांच्या नजरेआड मी ती पिशवीत घालून घरी आणली होती. एकोणीस वर्षांत नियमाविरुद्ध केलेली तेवढी एकच गोष्ट. २ वाजून १० मिनिटांची नोंद उजव्या पानावर आहे, निळ्या शाईत. तिच्या खाली पेन्सिलने ‘किती? केव्हा? कोणी?’ असं लिहिलंय, ते नंतरचं आहे. चौकशीला वही गेली तेव्हा ते तिथे नव्हतं.

पत्र मिळालं की कळव.

तुझी,
आई