केरळ-कन्याकुमारी सहल : निघेपर्यंत काय करायचं

मंडळींनो, रोज सकाळी फेरी मारताना "अजून किती दिवस?" विचारणं आता पुरे. आपल्या सोलापूरची गड्डा यात्रा (सिद्धेश्वरांची जत्रा) उरकली की जानेवारीअखेर निघायचं, हे पक्कं आहे.

येत्या रविवारी सकाळी ७ वाजता सिद्धेश्वर तलावाकाठी, नेहमीच्या कट्ट्यावर जमा. सगळ्यांनी यायचं.

- आधार कार्डाची प्रत आणा. रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी, सकाळी ८ वाजता उघडतं. त्या दिवशी कागद शोधत बसायला वेळ नसेल. ज्येष्ठांची सवलत २०२० पासून बंद आहे, त्यामुळे पूर्ण भाडं धरूनच पैसे द्या.
- तिकीट स्लीपरचं. अंथरूण-पांघरूण मिळत नाही. आपण सोलापूरकर, चादरीची काळजी कशाला! पण एकेकच आणा. गेल्या सहलीत एका काकूंच्या तीन चादरींनी अख्खा बर्थ अडवला होता.
- तिरुवनंतपुरमच्या पद्मनाभस्वामी मंदिरात पुरुषांना उघड्या अंगाने, धोतर किंवा मुंडू (केरळी पद्धतीचं धोतर) नेसूनच सोडतात. बायकांनी साडी ठेवावी. ज्यांनी लग्नानंतर धोतर नेसलं नाही, त्यांनी घरी सराव करावा. दारात ते सुटलं तर आम्ही ओळख दाखवणार नाही.
- कडक भाकरी आणि शेंगा चटणी गाडीत एक दिवस-रात्र सहज टिकते. कोण किती करणार, ते रविवारी ठरवू. दही-ताक नको.
- गुडघे कुरकुरणाऱ्यांनी आतापासून रोज एक फेरी वाढवा. बोटीत चढता-उतरता आलं पाहिजे.

रोजच्या गोळ्या महिनाभर पुरतील इतक्या आधीच घेऊन ठेवा.