राजवाड्याला दीड तास, दुकानाला दोन

महोदय,

दिवाळीनंतर मी आणि सौ. एका टूर कंपनीबरोबर चीनला जाऊन आलो. बीजिंगमधल्या ‘निषिद्ध नगरी’साठी, म्हणजे चिनी सम्राटांच्या जुन्या राजवाड्यासाठी, कार्यक्रमपत्रिकेत ‘अर्धा दिवस’ छापले होते. प्रत्यक्षात दक्षिणेच्या मेरिडियन गेटमधून शिरून उत्तरेच्या दाराने बाहेर पडेपर्यंत दीड तास. ७२ हेक्टरचे आवार, आणि आम्ही गाईडच्या पिवळ्या झेंडीमागे नाकासमोर पळतोय! गुडघे दुखणाऱ्या एका आजींचे तर ते उंच उंबरे ओलांडतानाच हाल झाले.

मी ३१ वर्षे महापालिकेच्या अग्निशमन दलात काढली. त्यामुळे सिंहासनापेक्षा माझी नजर गेली अंगणातल्या घंगाळांवर. माणूस आत बसेल एवढी, तांब्या-लोखंडाची; राजवाड्यात एके काळी अशी ३०८ होती म्हणे. ‘इथे फोटो काढा’ म्हणून गाईड पुढे निघाला होता. विचारल्यावर मात्र थांबला आणि मनापासून बोलला. ही आग विझवायच्या पाण्याची. हिवाळ्यात पाणी गोठू नये म्हणून वर झाकण, भोवती रजईसारखे जाड आवरण आणि कडाका वाढला की खाली निखारे. विझवायच्या पाण्याखालीच विस्तव! रात्रपाळीला तो राखत बसणाऱ्याची मला दयाच आली.

पण भीती खोटी नव्हती. लाकडी राजवाडा १४२० मध्ये पुरा झाला आणि १४२१ मध्येच वीज पडून तिन्ही मुख्य दालने जळाली. शेवटचा सम्राट पूयी आत राहत असताना, १९२३ मध्ये, आणखी एक महाल खाक झाला. इथल्या ग्रंथालयावर काळी कौले आहेत, कारण त्यांच्याकडे काळा रंग पाण्याचा. ते मला डोळ्यांनी पाहायचे होते. वाट जरा वाकडी करावी लागली असती, एवढेच. तेवढ्यात झेंडी हलली.

तिथून आम्हाला नेले ते जेडच्या, म्हणजे दागिन्यांच्या हिरवट दगडाच्या, दुकानात. पूर्ण दोन तास. बस कुलूपबंद, ड्रायव्हर गायब. सौ.ने काही घेतले नाही, फुकटचा चहा तीन वेळा घेतला.

कार्यक्रमपत्रिकेत प्रत्येक ठिकाणापुढे किती तास ते कंपन्यांनी स्पष्ट छापावे. दुकानांपुढेही. पैसे भरतानाच कळले असते, तर आम्ही दोघे त्या दिवशी गटाबरोबर गेलोच नसतो. परतल्यावर कंपनीला हेच लिहून कळवले. उत्तर आले, ‘काका, बाकी सगळ्यांनी फाइव्ह स्टार दिलेत.’

– एक निवृत्त फायरमन, मिरज