तो डक्ट किती दिवस उघडा राहतो, हे विचारलंत म्हणून

प्रिय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

हँडओव्हरच्या दिवशी गर्दीत तुमच्याशी धड बोलताच आलं नाही. म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण तुम्ही जे दाखवून दिलंत ते साइटवर उभ्या असणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचं आहे.

तुम्ही आलात तेव्हा बिम (इमारतीचं संगणकावरचं, माहितीसह मॉडेल) म्हणजे ऑफिसातल्या लोकांचं काम, असं मी धरून चाललो होतो. पहिल्याच बैठकीत तुम्ही मॉडेल फिरवलंत, सातव्या स्लॅबवर थांबलात आणि मला विचारलंत, "हा डक्ट किती दिवस उघडा राहतो?" मला सांगता आलं नाही. डक्ट म्हणजे पाइप वर-खाली नेण्यासाठी सोडलेली उभी मोकळी जागा. ड्रॉइंगमध्ये त्याच्या कटआउटचं, म्हणजे स्लॅबमधल्या भोकाचं, माप होतं, जागा होती. तो कधी उघडा पडतो आणि कधी बंद होतो, हे कुठल्याच शीटवर नव्हतं. शटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा तात्पुरता साचा, जागेवर असेपर्यंत तिथे खाली आधार असतो. ते निघालं की सरळ खालचा मजला दिसतो, आणि पाइप येऊन शाफ्टच्या भिंती उठेपर्यंत तसाच दिसत राहतो. माणूस पडतो तो या मधल्या दिवसांत.

तुमचा प्रश्न मला इतका का लागला, ते तेव्हा बोललो नव्हतो. आधीच्या एका साइटवर अशाच कटआउटवर टाकलेला प्लाय कुणीतरी दुसऱ्या कामासाठी उचलून नेला. संध्याकाळी, उजेड कमी झाल्यावर आमचा एक हेल्पर तिथून खाली गेला. जीव वाचला, कंबर मोडली. रजिस्टरमध्ये कारण लिहिलं गेलं, 'कामगाराचा निष्काळजीपणा'. खाली सही माझी होती.

मॉडेलमधल्या प्रत्येक स्लॅबला, कॉलमला, भिंतीला वेळापत्रकातलं काम जोडायचं, म्हणजे तारीख पुढे सरकवली की इमारत त्या दिवशी जशी असेल तशी दिसते. याला फोर-डी म्हणतात, हे मी ऐकून होतो. पण तुम्ही त्यात इमारतीत कायम न राहणाऱ्या गोष्टीही घातल्यात: प्रॉप्स (शटरिंगखालचे टेकू), कडेचं रेलिंग, कटआउटवरची झाकणं, सेफ्टी बेल्ट अडकवायचे अँकर. प्रत्येकाला बसवायची आणि काढायची तारीख दिलीत. आमच्याकडे वेळापत्रकात जे नसतं त्याला माल मिळत नाही आणि माणूसही मिळत नाही. रेलिंग पहिल्यांदाच एक 'काम' झालं. त्याची मोजणी आधीच निघाली आणि स्टोअरमध्ये पाइप वेळेवर आले.

तरीही सगळ्यात मोठे आभार मानायचे आहेत ते तुम्ही शटरिंगच्या मिस्त्रींना स्क्रीनसमोर बसवलंत त्याचे. सुरुवातीला ते अवघडले होते. मग मॉडेल पाहता पाहता म्हणाले, "पण मॅडम, झाकण तर आम्हीच काढतो. प्लेटा आणि प्रॉप्स डक्टमधूनच खाली सोडतो." आम्हा इंजिनिअर मंडळींपैकी एकालाही हे वेळापत्रकात मांडायचं सुचलं नव्हतं. झाकणाची तारीख कागदावर कितीही बरोबर असली तरी नेमकं शटरिंग काढायच्या दिवशी ते उघडणार होतं. तुम्ही त्यांना रागावला नाहीत. माल उतरवायला क्रेनच्या आवाक्यात, बाहेरच्या कडेला वेगळी जागा काढलीत, तिथे काढता-घालता येणारं रेलिंग दाखवलंत आणि मगच डक्ट बंद केलेत.

क्लॅश डिटेक्शनचा, म्हणजे पाइप आणि बीम कुठे एकमेकांना आडवे येतात ते मॉडेलमध्ये आधीच शोधण्याचा, फायदा सगळे पैशांत मोजतात, तो आहेच. पण बीममधल्या स्लीव्ह (पाइप जायला ठेवलेल्या नळ्या) काँक्रीट पडण्याआधी जागेवर आल्या, म्हणजे नंतर परांचीवर चढून, डोक्याच्या वर मशीन धरून कोअर कटिंग करणारा, म्हणजे काँक्रीटला भोक पाडणारा, माणूस वाचला. हा हिशोब मी तुमच्याकडून शिकलो.

आणि मॉडेलवर आंधळा विश्वास तुम्ही कधीच ठेवला नाहीत. प्लंबिंगवाल्यांनी एक कटआउट जागेवरच ३०० मिमी सरकवला होता आणि मॉडेलमध्ये तो जुन्याच ठिकाणी होता. तुम्ही भर उन्हात टेप घेऊन वर आलात, स्वतः मोजलंत आणि त्याच संध्याकाळी मॉडेल दुरुस्त केलंत. झाकण नव्या मापाने गेलं.

अलीकडे बिमच्या माहितीसाठी असलेल्या आयएसओ १९६५० या आंतरराष्ट्रीय मानकांच्या मालिकेतला सहावा भाग पाहिला, २०२५ मध्ये आलेला, आरोग्य आणि सुरक्षेच्या माहितीबद्दलचा. धोका ओळखा, ती माहिती कामात वापरा, पुढच्याला द्या आणि दुसऱ्या प्रकल्पांना उपयोगी पडेल अशी मांडून ठेवा, असा त्याचा क्रम आहे. वाचताना मिस्त्रींसोबतची ती बैठकच डोळ्यांपुढे आली.

गेल्या महिन्यात त्या हेल्परला शोधून भेटलो. तो आता एका साइटवर स्टोअर सांभाळतो. त्याला सांगितलं, रजिस्टरमध्ये लिहिलेलं कारण चुकीचं होतं. ते भोक त्या दिवशी उघडं असणार हे आम्हाला आधी कळायला हवं होतं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्यानेच विचारलं, "आता लिहून ठेवता का?" तुमचं मॉडेल मोबाइलवर उघडून त्याला दाखवलं, तारखांसकट.

आपला ऋणी,
साइट इंजिनिअर