उंबरातील त्या ‘अळ्या’ नव्हेत

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतील उंबरावरचा लेख मी आवडीने वाचला. परंतु उंबर फोडल्यावर आत वळवळताना दिसणारे पिवळसर, बिनपंखी जीव म्हणजे ‘माश्यांच्या अळ्या’ असून त्यांच्यामुळे फळ किडते, हे त्यातील विधान चुकीचे आहे. शाळेत जीवशास्त्र शिकवताना हाच समज मी दरवर्षी नव्या वर्गाकडून ऐकत आले, म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहे.

हे जीव उंबरातच वाढणाऱ्या चिमुकल्या अंजीर-गांधीलमाश्यांचे (इंग्रजीत ‘फिग वास्प’) पूर्ण वाढ झालेले नर आहेत. माशीच्या अळीला पाय नसतात. या जीवांना सहा पाय असतात आणि डोके, वक्ष व उदर हे तिन्ही भाग साध्या भिंगातूनही वेगळे ओळखता येतात. मुंग्या, मधमाश्या आणि गांधीलमाश्या ज्या हायमेनॉप्टेरा गणात येतात त्याच गणातले हे कीटक असून, त्यातही ते कॅल्सिडॉइडिया या अधिकुलातले (म्हणजे अनेक कुलांच्या गटातले) आहेत. उसावर ट्रायकोकार्ड (मित्रकीटक सोडण्याची पट्टी) लावणाऱ्या शेतकऱ्यांना परिचित असलेली ट्रायकोग्रामा याच अधिकुलातली. उंबराचे परागण करणाऱ्या जातीचे शास्त्रीय नाव सेराटोसोलेन फ्युसिसेप्स. गुस्ताव मायर या ऑस्ट्रियन अभ्यासकाने १८८५ मध्ये तिचे वर्णन केले आणि आज ती ॲगाओनिडी कुलात गणली जाते.

या नराची शरीररचना पाहण्यासारखी आहे. त्याचे सारे आयुष्य एका बंद, अंधाऱ्या उंबरात जाते. त्यामुळे त्याला पंख नाहीत, डोळे अगदी लहान उरलेले आहेत आणि स्पृशाही (मिशा) आखूड आहेत. उलट जबडे दणकट आहेत, पुढचे व मागचे पाय जाड आहेत आणि उदर लांबट नळीसारखे होऊन पोटाखाली पुढच्या बाजूला वळलेले असते. मादी ज्या फुलात वाढली त्या फुलाच्या गाठीला (म्हणजे फुगलेल्या फुलाला) तो जबड्याने भोक पाडतो आणि ती बाहेर पडण्यापूर्वीच त्या भोकातून उदराचे टोक आत घालून तिच्याशी मीलन करतो. त्यानंतर नर मिळून उंबराच्या भिंतीतून बाहेर जाणारा बोगदा कोरतात. बंद फळातली हवा कोंदट असते. पिंपळाच्या फळांवर झालेल्या अभ्यासात आतल्या हवेत सुमारे १० टक्के कार्बन डायऑक्साइड आढळला होता, आणि अशाही हवेत हे नर काम करत राहतात. बोगदा झाला की माद्या पराग घेऊन उडून जातात. नर मात्र तिथेच मरतात, किंवा बोगद्याच्या तोंडाशी येऊन मुंग्यांचे भक्ष्य होतात.

मादी याच्या अगदी उलट, म्हणजे काळसर, पंख असलेली आणि डोळस. वक्षाच्या खालच्या बाजूस तिला पराग साठवण्याचे दोन खिसे असतात. नव्या उंबराच्या टोकाशी असलेल्या अरुंद छिद्रातून ती आत शिरते, तेव्हा बहुधा तिचे पंख आणि स्पृशांची टोके तुटून बाहेरच राहतात. आपण दुर्मीळ माणसाला ‘उंबराचे फूल’ म्हणतो. ही मादी मात्र त्याच फुलांच्या शोधात असते, कारण ती शेकडो फुले उंबराच्या आतल्या भिंतीवरच असतात. नर आणि मादी इतके भिन्न दिसत असल्यामुळे अंजीरवर्गीय झाडांवरील अशा कीटकांत कोणता नर कोणत्या मादीचा, याबाबत जुन्या अभ्यासकांचीही गफलत होत असे. तेव्हा लेखकाची चूक मी समजू शकते.

आता परजीवींविषयी, कारण लेखात सगळ्यांनाच ‘परोपजीवी’ म्हटले आहे. एकाच उंबरात परागण करणाऱ्या जातीबरोबर आणखी पाच-सहा जाती वाढत असतात आणि त्यांचेही नर बिनपंखी असतात. त्यांपैकी काही सायकोफॅगा जाती स्वतःच्या गाठी तयार करतात, तर ॲपोक्रिप्टा वेस्टवुडायची मादी फळाबाहेर बसून केसाहूनही बारीक अंडनलिका भिंतीतून आत घालते आणि आत वाढणाऱ्या दुसऱ्या कीटकाच्या गाठीत अंडे घालते. खरी परजीवी ही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवले की या अंडनलिकेच्या दातेरी टोकात जस्ताचा अंश असतो आणि त्यामुळे ते टोक कठीण झालेले असते. या दोन प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचे गट) दिसायला जवळच्या वाटल्या तरी आज सायकोफॅगा ॲगाओनिडी कुलात, तर ॲपोक्रिप्टा टेरोमॅलिडी कुलात ठेवली जाते. टेरोमॅलिडी हे तर इतके अवाढव्य कुल झाले होते की २०२२ मध्ये त्याची विभागणी करून अनेक नवी कुले मानावी लागली. परागवाहक आणि परजीवी यांना एकाच शब्दात कोंबणे म्हणजे उंबराचा सोबती आणि त्या सोबत्याचा शत्रू यांना एक समजणे होय.

हा केवळ शब्दांचा वाद नाही. आमच्या वसाहतीतल्या जुन्या उंबराखाली ‘किडे पडतात’ या तक्रारीवरून गेल्या वर्षी दोनदा कीटकनाशक फवारले गेले. त्यानंतरच्या बहराची बरीचशी फळे हिरवी आणि कठीण असतानाच गळून पडली. कारण केवळ फवारणीच होती असे मी ठामपणे म्हणणार नाही. परंतु मादी आत शिरली नाही तर उंबर सहसा पिकत नाही, हे निश्चित आहे. आणि उंबर पिकले नाही की हरियाल, तांबट, कोकीळ, वटवाघळे ही सगळीच मंडळी उपाशी फिरतात.

तरी पुढील रविवारी याच पुरवणीत या विधानाची दुरुस्ती, शक्य झाल्यास भिंगातून घेतलेल्या नर व मादीच्या छायाचित्रांसह, छापावी ही विनंती.

आपली,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, सातारा