दाखला न देता पटावरून कमी केलेलं पोर

ताईंना सा. न. वि. वि.

‘माझं नाव कुठे घालू नकोस’ असं बजावलंत, म्हणून घालत नाही. पण आमच्या वनरोस्टर कनेक्टरच्या (वनरोस्टर म्हणजे शाळेचा पट एका प्रणालीतून दुसरीत न्यायचा ठरलेला साचा, कनेक्टर म्हणजे तो नेणारं आमचं सॉफ्टवेअर) श्रेययादीत सगळी नावं कोड लिहिणाऱ्यांची आहेत आणि एकही ओळ न लिहिता सगळ्यांत जास्त चुका पकडल्यात तुम्ही. ही चुटपुट कुठेतरी उतरवायलाच हवी होती.

तसं आमचं काम हमालीचं. शाळेच्या मुख्य प्रणालीतून मुलांची, वर्गांची आणि कोण कुठल्या वर्गात त्याची सीएसव्ही फाइल (साध्या मजकुरातला तक्ता) उचलायची आणि वाचनालय, कॅन्टीन, मूडल (ऑनलाइन अभ्यासाची प्रणाली) यांच्या दारात रोज पहाटे टाकायची. पूर्ण यादी पाठवली आणि तीत एखादं नाव नसलं, तर मूल गेलं असं धरायचं. नियम सरळ वाटला होता.

मग तो ऑगस्टमधला दुपारचा फोन. कॅन्टीनच्या रांगेत एका मुलाने आकडे दाबले, यंत्र म्हणालं असा कुणी नाहीच. मी तुमच्या इथल्या अमेरिकेतल्या शाळेच्या ऑफिसात बसून लॉग (सॉफ्टवेअरने ठेवलेल्या नोंदी) चाळत होतो. तुम्ही खुर्चीतूनच स्क्रीनकडे पाहिलंत. ‘अरे, हा जेवून बसने व्होकेशनलला, म्हणजे व्यवसाय शिकवणाऱ्या शाळेत जातो. पोर एक, शाळा दोन. दाखला न देताच पटावरून कमी केलंस की रे त्याला!’

वनरोस्टर 1.1 मध्ये एका मुलासमोर अनेक शाळा लिहायची सोय आहेच. आम्ही फक्त पहिली उचलत होतो. दुरुस्ती अकरा ओळींची. शोधायला मला आठवडा लागला असता, आणि तोवर ते पोर रोज रांगेत खोळंबलं असतं.

जुळ्यांचंही तसंच. नावाचं आद्याक्षर, आडनाव, जन्मतारीख जुळली की मूल तेच, असं आमचं गणित. तुम्ही हसलात. साताऱ्याला शाळेत क्लार्क होतात तेव्हाचं जनरल रजिस्टर काढलंत (तोंडीच!): आईचं दुसरं लग्न झालं, आडनाव बदललं, पत्ता बदलला, तरी रजिस्टरचा नंबर तोच. सोर्स्डआयडी (वनरोस्टरमधला प्रत्येक मुलाचा न बदलणारा ओळख क्रमांक) म्हणजे काय, हे मला तीन वर्षं स्पेसिफिकेशन वाचून जेवढं कळलं नव्हतं तेवढं त्या पाच मिनिटांत कळलं.

आणि ती पिवळी वही! अमेरिकेत 1974 पासून फर्पा (विद्यार्थ्यांची माहिती खासगी ठेवण्याचा कायदा) आहे, खऱ्या मुलांची माहिती आम्ही चाचणीसाठी उघड्यावर ठेवूच शकत नाही. तुम्ही एका शनिवारी बसून बत्तीस खोटी मुलं लिहून दिलीत. दोन आडनावांची मेक्सिकन मुलगी, नावात अपॉस्ट्रॉफी असलेला आयरिश, शून्याने सुरू होणारा नंबर (एक्सेल ते शून्य हमखास खातं), एकाच आद्याक्षराची जुळी, आणि वर्षाच्या मध्यात जाऊन परत आलेला एक. त्या बत्तिसांतल्या नऊ जणांनी आमचं सॉफ्टवेअर पहिल्याच दिवशी पाडलं.

ती फाइल अजून चाचण्यांत आहे. काही बिघडलं की आमच्यातली पोलंडची मुलगीसुद्धा लिहिते, ‘ताईज क्लास फेल्ड’. ताई म्हणजे काय, ते तिला ठाऊक नाही.

वनरोस्टरच्या 1.2 आवृत्तीत भूमिकांची (कोण विद्यार्थी, कोण शिक्षक) फाइल वेगळी झाली आहे, म्हणजे वर्ग पुन्हा मांडावा लागणार. रविवारी येतो. वही मी आणतो, चहा तुमचा.

तुमचा,
पट चुकवणारा