झेंडा दिसला म्हणजे अर्थ सापडला असं नाही

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत राजकीय मालिकांवर पानभर लेख आला. टीव्हीवरच्या राजकीय नाट्याला कथनमीमांसा (गोष्ट कशी रचली जाते याचा अभ्यास), जॉनरचा म्हणजे कथाप्रकाराचा सिद्धान्त आणि चिन्हमीमांसा (चिन्हांना अर्थ कसा येतो याचा अभ्यास) लावून पाहण्यासाठी एखादं वृत्तपत्र एवढी जागा देतं, याबद्दल आधी आभार. तक्रार आहे ती लावण्याच्या रीतीबद्दल. लेखात प्रत्येक मालिकेतला नायक, खलनायक आणि साहाय्यक हुडकून त्यांच्यावर चिठ्ठ्या डकवल्या आहेत. प्रत्येक भागाचा ‘समतोल, बिघाड, समतोल’ असा आलेख काढलाय. शिवाय लाल टाय म्हणजे सत्ता, बंद दार म्हणजे कारस्थान आणि झेंडा म्हणजे देशभक्ती असा तक्ताही दिलाय. चिठ्ठ्या नीट बसल्या याचंच लेखकाला समाधान वाटलेलं दिसतं. पण ज्या जागी चिठ्ठी बसत नाही, तिथेच या सिद्धान्तांचा खरा उपयोग असतो.

सगळ्यात मोठा घोळ प्रॉपच्या बाबतीत झालाय. व्लादिमीर प्रॉप या रशियन लोककथा-अभ्यासकाने १९२८ साली शंभर रशियन परीकथा उलगडून ३१ कार्यं, म्हणजे कथा पुढे नेणाऱ्या ठरावीक कृती, मांडली आणि ती सात कृतिक्षेत्रांत, म्हणजे नायकाचं काम, खलनायकाचं काम अशा गटांत, वाटली. लेखातल्या चौकटीत मात्र ‘प्रॉपची सात पात्रं’ असं छापलंय. कृतिक्षेत्र म्हणजे माणूस नव्हे. एकच माणूस दोन क्षेत्रांत वावरू शकतो आणि एक क्षेत्र तिघांत वाटलं जाऊ शकतं, हे प्रॉपनेच सांगून ठेवलंय. एवढी दुरुस्ती केली तरी ‘बोर्गेन’सारखी डॅनिश मालिका कितीतरी वेगळी दिसायला लागते. डेन्मार्कच्या संसदेत १७९ जागा, बहुमताचा आकडा ९०, आणि एकट्या पक्षाला तो गाठता येत नाही. म्हणून पंतप्रधान बिर्गिट नीबोर्गच्या कथेत सोमवारचा साहाय्यक गुरुवारी खलनायक होतो आणि पुढच्या भागात पुन्हा दारात येऊन उभा राहतो. पात्रावर चिठ्ठी लावणाऱ्याला ती दर भागाला सोलून काढावी लागेल. त्याऐवजी दर दृश्यात ‘आत्ता साहाय्यकाचं काम कोण करतंय?’ एवढं नोंदवत गेलं, तर आघाडीचं गणित हेच कथानकाचं यंत्र आहे हे आपोआप कळतं. माणसं बदलतात, जागा त्याच राहतात, म्हणून इथे ग्रेमास या अभ्यासकाची कारकांची, म्हणजे पात्रांऐवजी कथेतल्या जागांची, मांडणी जास्त सोयीची पडते.

नायकाला मोहिमेवर पाठवणाऱ्याची प्रॉपच्या यादीतली जागा राजकीय मालिकेत कुणाची? मतदाराची. आणि मतदार पडद्यावर जवळजवळ येतच नाही. त्याच्या वतीने जनमत चाचणीचा टक्का येतो, तोही बहुधा सल्लागाराच्या हातातल्या कागदावर. पाठवणारा कायम अनुपस्थित आणि त्याचा निरोप मात्र सतत कानावर, ही या मालिकांची खास खूण म्हणावी लागेल. लेखात तिचा उल्लेख नाही, कारण लेखकाने या जागी पक्षाध्यक्ष बसवून टाकलाय.

कथनमीमांसक तोदोरोवच्या समतोलाचंही तसंच झालंय. त्याच्या मांडणीत पायऱ्या पाच: समतोल, त्याला धक्का, धक्क्याची जाणीव, दुरुस्तीचा प्रयत्न आणि नवा समतोल. हा शेवटचा समतोल पहिल्यासारखा कधीच नसतो. मालिकेला ही मांडणी लावताना दोन गोष्टी आधी ठरवाव्या लागतात. समतोल कुणाचा, आणि कालपट्टी कोणती? ‘येस मिनिस्टर’ या ब्रिटिश विनोदी मालिकेत मंत्र्याची सुधारणा हाच धक्का असतो आणि खात्याचे सचिव सर हम्फ्री तो निस्तरतात. मंत्र्याच्या बाजूने पाहिलं तर पराभव, खात्याच्या बाजूने पाहिलं तर सुखान्त. विनोद या दोन वाचनांच्या मधल्या फटीत आहे. उलट ‘द वेस्ट विंग’ या व्हाइट हाउसवरच्या अमेरिकी मालिकेत भागाचा प्रश्न भागात सुटतो, पण राष्ट्राध्यक्ष बार्टलेट यांचा लपवलेला आजार प्रेक्षकाला पहिल्या पर्वात कळतो आणि देशाला दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस. आलेखावर दोन रेघा हव्यात, एक भागाची आणि एक पर्वाची. एकच रेघ काढली की लांब पल्ल्याचा ताण गायब होतो आणि मग ‘मधले भाग रेंगाळतात’ असा शेरा मारला जातो. लेखात तो मारलाच आहे.

जॉनरबद्दल थोडक्यात. चित्रपट-अभ्यासक रिक ऑल्टमनने १९८४ मध्ये सुचवलेला फरक इथे फार कामाला येतो: एकीकडे प्रकाराची सामग्री, दुसरीकडे त्या सामग्रीची बांधणी. कॉरिडॉर, व्यासपीठ, मायक्रोफोनांचा झुबका, रात्रीचा फोन ही सामग्री सगळ्यांकडे सारखीच असते. बांधणी मात्र निराळी. ‘द वेस्ट विंग’ची वीण रुग्णालयाच्या मालिकेशी जुळते: कामाचं ठिकाण हेच कुटुंब, आणि पुढची तातडीची केस दारात. ‘हाउस ऑफ कार्ड्स’ची बांधणी सूडनाट्याची आहे, ‘येस मिनिस्टर’ची सिटकॉमची. तिन्ही एका खणात टाकून ‘राजकीय मालिकांची वैशिष्ट्यं’ सांगायला गेलं की हाती फक्त फर्निचर लागतं.

आता चिन्हांकडे, कारण लेखातला तो तक्ता बरेच विद्यार्थी कापून ठेवतील अशी भीती आहे. भाषाशास्त्रज्ञ सोस्यूरपासूनचं मूळ सूत्र असं की चिन्हाचा अर्थ फरकातून येतो. अमेरिकी अध्यक्षांच्या कार्यालयातल्या जवळजवळ प्रत्येक दृश्यात झेंडा असतो. जे नेहमीच असतं ते फरक दाखवत नाही, तो झेंडा फक्त ‘आपण कुठे आहोत’ एवढं सांगतो. पण नेटफ्लिक्सच्या ‘हाउस ऑफ कार्ड्स’च्या बोधचिन्हात तोच झेंडा उलटा आहे आणि तिथे अर्थ सुरू होतो. अमेरिकेच्या ध्वजसंहितेप्रमाणे उलटा झेंडा ही प्राणसंकटाची खूण आहे. तक्त्यात ‘झेंडा’ असा एकच शब्द आहे. सुलटा की उलटा, आहे की नाही, हे रकाने त्यात नाहीत.

दुसरं असं की मालिका स्वतःची चिन्हं स्वतः घडवते, आणि ती कुठल्याही कोशात सापडत नाहीत. मे २००१ मध्ये ‘द वेस्ट विंग’च्या दुसऱ्या पर्वाचा शेवटचा भाग प्रसारित झाला. त्यात पूर्वस्मृतीच्या एका दृश्यात पुढे बार्टलेटची सचिव झालेली मिसेस लँडिंगहॅम तरुण बार्टलेटला म्हणते की तू खिशात हात घातलेस, दुसरीकडे पाहिलंस आणि हसलास, म्हणजे तुझा निर्णय झाला. बघणाऱ्याला हा धडा तिथेच मिळतो. भागाच्या शेवटी पत्रकार परिषदेत प्रश्न येतो, पुन्हा निवडणूक लढवणार का? पावसात भिजलेला अध्यक्ष खिशात हात घालतो, नजर वळवतो, हसतो आणि भाग संपतो. उत्तराचं वाक्य उच्चारलंच जात नाही. फ्रेंच समीक्षक बार्थच्या भाषेत सांगायचं तर गूढाचा संकेत, म्हणजे कथेने राखून ठेवलेलं कोडं, लांबवत लांबवत आणलाय आणि तो शब्दाऐवजी हावभावाने फोडलाय. तक्ता हाताशी धरून पाहणारा इथे ‘खिशात हात म्हणजे आत्मविश्वास’ असं लिहून पुढे जाईल. तो हावभाव आधीच्या दृश्याशिवाय मुका आहे, हे त्याच्या लक्षातही येणार नाही.

चिन्ह बाहेरच्या जगामुळे कसं बदलतं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं क्वचितच मिळेल. बीबीसीच्या मूळ ‘हाउस ऑफ कार्ड्स’चा पहिला भाग १८ नोव्हेंबर १९९० रोजी दाखवला गेला. सुरुवातीलाच कथानायक फ्रान्सिस अर्कहार्टच्या हातात मार्गारेट थॅचर यांची तसबीर असते. कोणतीही राजवट कायमची नसते अशा अर्थाचं काहीतरी तो थेट आपल्याकडे बघून बोलतो आणि तसबीर बाजूला सारतो. त्या रात्री थॅचर पंतप्रधान होत्या. २२ नोव्हेंबरला त्यांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं, २८ तारखेला जॉन मेजर पंतप्रधान झाले, आणि चार भागांची मालिका ९ डिसेंबरला संपली. चित्रीकरणातला एक तुकडाही बदलला नव्हता. चिन्हक (दिसणारं चित्र) तोच राहिला आणि चिन्हित (त्याचा अर्थ) मात्र चार दिवसांत कल्पनेकडून वार्तेकडे सरकलं. अमेरिकी तत्त्वज्ञ पर्सच्या विभागणीत छायाचित्र सादृश्यचिन्हही (मुळासारखं दिसणारं) असतं आणि निर्देशचिन्हही (खऱ्या गोष्टीशी थेट जोडलेलं). या तसबिरीत दुसरी बाजू पहिलीवर कुरघोडी करते. म्हणूनच चिन्ह वाचताना प्रसारणाची तारीख टिपणात लिहायलाच हवी.

तारखेसारखंच वितरणाचं. ‘द वेस्ट विंग’चं पर्व साधारण २२ भागांचं, दर आठवड्याला एक, मध्ये जाहिराती. त्यामुळे प्रत्येक खंडाच्या शेवटी छोटा गळ टाकून प्रेक्षकाला अडकवावंच लागतं. नेटफ्लिक्सने १ फेब्रुवारी २०१३ रोजी ‘हाउस ऑफ कार्ड्स’चे १३ भाग एकदम मोकळे केले. तिथे भागाच्या पोटात तशी सक्ती नाही. लेखात दोन्हींमधल्या ‘उत्कंठाबिंदूं’ची संख्या मोजून एक मालिका संथ ठरवलीय. मोजलं गेलं ते जाहिरातींचं वेळापत्रक.

मग करायचं काय? बार्थने १९७० मध्ये एक लघुकादंबरी ५६१ तुकड्यांत फोडून वाचली. अख्खं पर्व तसं वाचणं कुणालाच जमणार नाही, आणि जो प्रयत्न करेल तो शेवटी कथासार लिहील. दोन ते तीन मिनिटांचं एकच दृश्य घ्यावं. पहिल्यांदा आवाज बंद करून पाहावं, दुसऱ्यांदा चित्र झाकून फक्त ऐकावं, तिसऱ्यांदा शॉटगणिक नोंद करावी. रकाने सहा पुरतात: शॉटचा क्रमांक, सेकंद, चौकटीत कोण, बोलतंय कोण, नजर कुणाची, आणि चौकटीबाहेरचा आवाज. बोलणारा आणि दिसणारा वेगळा असलेल्या ओळींवर खूण करावी. राजकीय नाट्यात सत्ता बहुधा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर सापडते, आणि हे पाचव्या-सहाव्या खुणेनंतर स्वच्छ दिसायला लागतं.

त्यानंतर अदलाबदलीची चाचणी. दृश्यातली एकच गोष्ट मनात बदलायची आणि अर्थ हलतो का ते पाहायचं. अर्कहार्टच्या हातात काल्पनिक पंतप्रधानाची तसबीर दिली तर? दृश्य कथेत बंदिस्त होतं. दिवंगत नेत्याची दिली तर तो इतिहास होतो. म्हणजे भार ‘तसबीर’ या वस्तूवर नाही, ‘हयात आणि पदावर’ या गुणावर आहे. ‘द वेस्ट विंग’मधले कॉरिडॉरमधून चालता-चालता बोलण्याचे ते प्रसिद्ध लांब शॉट घ्या. तोच संवाद दोन खुर्च्यांवर बसवला तर माहिती तीच राहते, पण कुठेतरी पोचण्याची अपेक्षा नाहीशी होते. कॉरिडॉर माहितीला कृतीचं सोंग देतो. बदल करूनही काही हललं नाही, तर ती गोष्ट सजावट समजून टिपणातून काढून टाकावी. लाल टाय या चाचणीत दहापैकी नऊदा गळतो. एका वेळी दोन गोष्टी मात्र बदलू नयेत, मग अर्थ कशामुळे हलला ते सांगता येत नाही.

कॅमेऱ्याशी बोलणं हेही याच चाचणीला लावून पाहावं. लेखात त्याला ‘प्रेक्षकाशी जवळीक’ म्हटलंय. बोलणारा बदलून पाहा. ‘हाउस ऑफ कार्ड्स’च्या अमेरिकी आवृत्तीत वर्षानुवर्षं हा हक्क कथानायक फ्रँक अंडरवुडकडे असतो, आणि पाचव्या पर्वाच्या अखेरीस त्याची बायको क्लेअर आपल्याकडे बघून आता आपली पाळी असल्याचं सांगते. कथन करण्याची जागा हे तिथे पदच आहे, आणि ते पद या हातातून त्या हातात जाताना आपण पाहतो. जवळीक म्हणून वाचलं तर हा सत्तापालट निसटतो.

पुरवणीत या विषयावर आणखी दोन लेख येणार असल्याचं कळवलं आहे. त्याआधी चौकटीतली ‘सात पात्रं’ बदलून ‘सात कृतिक्षेत्रं’ अशी दुरुस्ती छापावी, आणि चिन्हांच्या तक्त्यात ‘कोणत्या मालिकेत, कोणत्या भागात, आधी कुठे आलं होतं’ असे तीन रकाने वाढवावेत. रकाने भरता आले नाहीत तर ती ओळ वगळावी.

आपली,
एक नियमित वाचक